विद्यापीठ कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण आणि स्वास्थ्य कार्यशाळा कशी आखावी

विद्यापीठात कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायचे ठरले की पहिल्या बैठकीत बहुधा वक्त्याचे नाव आणि सभागृहाची तारीख यांवरच चर्चा होते. विषय नंतर ठरतो, आणि ज्यांच्यासाठी कार्यशाळा आहे त्यांना विचारणे राहूनच जाते. हा क्रम बदलावा. कार्यशाळेचा विषय कर्मचाऱ्याच्या टेबलावरच्या कामातून निघाला पाहिजे. कामाचा ताण कमी करण्याचा विचारही त्या कामापासून वेगळा काढू नये. ज्या वरिष्ठ सहायकाला नवी संगणक प्रणाली नीट शिकवली गेली नाही, तो निकालाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत थांबतो, आणि त्याचे घर, झोप व प्रकृती या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. त्याच्यासाठी प्रणालीचे प्रशिक्षण हाच ताणावरचा पहिला उपाय असतो. म्हणून व्यावसायिक प्रशिक्षण आणि स्वास्थ्य यांची आखणी एकत्र करावी.

माणसांची तयारी न करता पद्धत बदलली तर काय होते, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले आहे. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका सर्व विद्याशाखांसाठी एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. निकाल कित्येक आठवडे, काही अभ्यासक्रमांचे तर महिनोन्‌महिने लांबले, पुढील प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी अडचण झाली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या काळातील चर्चा तंत्रज्ञान, निविदा आणि जबाबदारी यांभोवती फिरली, आणि ती आवश्यकही होती. परंतु एवढ्या मोठ्या बदलाचा भार ज्यांच्या खांद्यावर पडतो, त्या परीक्षा विभागातील कर्मचाऱ्यांच्या आणि परीक्षकांच्या तयारीला किती वेळ दिला जातो, हा प्रश्न आजही प्रत्येक विद्यापीठाने स्वतःला विचारण्यासारखा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे श्रेयांकांची (क्रेडिट) नोंद, हे श्रेयांक साठवणारी शैक्षणिक श्रेयांक बँक, चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असे बदल एकामागून एक येत असताना तर तो अधिकच निकडीचा झाला आहे.

कार्यशाळा नेमकी कोणासाठी

विद्यापीठातील ‘कर्मचारी’ या एका शब्दात फार वेगवेगळी माणसे येतात. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची देशात जुनी व्यवस्था आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली, पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली, आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत अशी केंद्रे आहेत. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी उद्बोधन व उजळणी वर्गांना महत्त्व असल्यामुळे ते या वर्गांना जातात, आणि त्यांना पाठवणे विभागालाही भाग पडते.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अशी साखळी बहुतेक ठिकाणी नाही. काही केंद्रे त्यांच्यासाठी अल्पमुदतीचे वर्ग घेतात, तथापि कनिष्ठ सहायकाची किंवा प्रयोगशाळा परिचराची पुढची वाट मुख्यतः सेवाज्येष्ठता ठरवते, आणि प्रशिक्षण मिळाले काय, न मिळाले काय, त्याच्या सेवापुस्तकात फारसा फरक पडत नाही. म्हणून विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून आणि मनुष्यबळातून जी कार्यशाळा घ्यायची, तिचा पहिला हक्क शिक्षकेतरांचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतही कंत्राटी कर्मचारी, रोजंदारीवरील हमाल, सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांची नावे यादीतून गळतात. त्यांचे वेतन ठेकेदाराकडून होत असेल, तर कार्यशाळेचा दिवस कामाचा दिवस म्हणून धरला जाईल, असे पत्र कुलसचिव कार्यालयाने ठेकेदाराला आधीच द्यावे. तसे पत्र नसेल तर त्या दिवसाची मजुरी बुडेल या भीतीने ते येणार नाहीत, आणि आल्यास त्यांचे नुकसान होईल.

गरज शोधण्यासाठी टेबलापर्यंत जावे

कार्यशाळेच्या आधी किमान दोन आठवडे गरजेचा शोध घेण्यासाठी राखून ठेवावेत. विद्यापीठाकडे त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती आधीच असते. माहिती अधिकाराखाली आलेल्या अर्जांची नोंदवही पाहिली की कोणत्या विभागाविषयी तोच तोच प्रश्न विचारला जात आहे ते कळते. लेखापरीक्षणातील आक्षेप पाहिले की खरेदी आणि देयकांच्या कामात कुठे चूक होत आहे ते दिसते. विद्यार्थ्यांच्या तक्रारी, परत आलेल्या नस्त्या (फायली), बायोमेट्रिक हजेरीतील उशिरा बाहेर पडण्याच्या वेळा आणि वर्षाअखेरीस वाया गेलेल्या किरकोळ रजा या सर्व नोंदी एकत्र ठेवून वाचाव्यात.

त्यानंतर प्रत्येक विभागात जाऊन कर्मचाऱ्यांशी त्यांच्या टेबलापाशी बोलावे. ऑनलाइन अर्ज भरून घेणे सोपे आहे, पण त्यात ‘संगणक प्रशिक्षण हवे’ यासारखी ढोबळ उत्तरे येतात. समोर बसून विचारलेल्या चार प्रश्नांतून त्याहून पुष्कळ अधिक कळते. गेल्या महिन्यात कोणते काम दोनदा करावे लागले? कोणत्या कामासाठी दुसऱ्या विभागाची सर्वाधिक वाट पाहावी लागते? सुट्टीच्या दिवशी कार्यालयात कशासाठी यावे लागले? आणि तुम्ही रजेवर असता तेव्हा तुमचे काम कोणाला येते?

यांतील चौथा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. ‘कोणालाच येत नाही’ हे त्याचे उत्तर जवळजवळ प्रत्येक विभागात निदान एका टेबलावर मिळते. निवृत्तिवेतनाची प्रकरणे एकट्या अधीक्षकांनाच समजतात, पुनर्मूल्यांकनाच्या प्रणालीचा पासवर्ड एकाच सहायिकेकडे असतो, जुन्या पदवी प्रमाणपत्रांची रजिस्टरे कोणत्या कपाटात आहेत हे एकाच शिपायाला ठाऊक असते. अशा माणसाची रजा मंजूर होत नाही, झाली तरी दिवसभर त्याचा फोन वाजत राहतो, आणि आजारपणातही तो दोन दिवसांत कामावर परततो. तो निवृत्त झाला की विभागाचे काम काही महिने अडखळते. शिक्षकेतर कर्मचारी साधारणपणे ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ती तारीख अनेक वर्षे आधी माहीत असूनही काम हस्तांतरित करण्याची तयारी मात्र शेवटच्या महिन्यात होते. म्हणून कोणत्याही विद्यापीठात पहिली कार्यशाळा घ्यायची असेल, तर ती एकमेकांचे काम शिकण्याची घ्यावी. तिच्यासाठी बाहेरच्या वक्त्याची गरज नसते. ज्यांना काम येते तेच शिकवतात, दोन जण शिकतात, आणि त्यातून तयार झालेली दोन-तीन पानांची कार्यपद्धती विभागात राहते. प्रत्येक टेबलाला एक पर्यायी माणूस तयार झाला की रजा घेता येते, आणि रजा घेता येणे ही कोणत्याही स्वास्थ्य कार्यक्रमाची पहिली अट आहे.

विषयांची निवड

गरजेचा शोध घेतल्यावर विषय आपोआप पुढे येतात. तरीही काही विषय बहुतेक विद्यापीठांत लागतात, म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

टिपणी लेखन, म्हणजे नस्तीवर मंजुरीसाठी प्रस्ताव मांडणे, हा त्यांतील सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. नवीन रुजू झालेला सहायक जुन्या नस्तीतील टिपणी पाहून तशीच लिहितो. तीत विषय, पूर्वेतिहास, नियमाचा आधार, आर्थिक भार आणि प्रस्ताव हा क्रम नसला, तर नस्ती ‘चर्चा करावी’ या शेऱ्यासह परत येते आणि पुन्हा फिरते. या सत्रात व्याख्यान देऊ नये. गेल्या वर्षी परत आलेल्या, नावे झाकलेल्या पाच नस्त्या घ्याव्यात, सहभागींनी गटात बसून त्यांतील टिपणी पुन्हा लिहावी, आणि मंजुरी देणाऱ्या उपकुलसचिवांनी तिथेच सांगावे की या टिपणीवर त्यांनी सही केली असती की नाही, व का. अर्ध्या दिवसाच्या अशा सत्राचा परिणाम विभागात प्रत्यक्ष जाणवतो, कारण अधिकाऱ्याला काय हवे असते हे सहायकाला त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते.

मराठी टंकलेखन हा दुसरा. अनेक कार्यालयांत अजूनही जुन्या फाँटमध्ये तयार केलेले मसुदे वापरात आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ते उघडले की अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसतात, त्यांत शोध घेता येत नाही, आणि मजकूर पुन्हा टंकित करावा लागतो. युनिकोड (कोणत्याही संगणकावर वाचता येणारी प्रमाण अक्षरपद्धत) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक) यांचे सत्र घ्यावे, आणि प्रत्येकाने आपल्या विभागातील सर्वाधिक वापरले जाणारे दहा मसुदे बरोबर आणून ते तिथेच युनिकोडमध्ये आणावेत. या सत्रात नावांच्या लेखनाकडे विशेष लक्ष द्यावे. पदवी प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचे नाव देवनागरीत छापले जाते, आणि रोमन लिपीतील नाव संगणकाने आपोआप देवनागरीत आणले की ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘डांगे’चे ‘दांगे’ होते. छपाईपूर्वी नावांची यादी कशी तपासायची आणि विद्यार्थ्याकडून त्याची खातरजमा कधी करून घ्यायची, हे शिकवले तर पुढचे दुरुस्तीचे अर्ज कमी होतात आणि खिडकीवरची कटकटही कमी होते.

कायद्यांची सत्रे छोटी आणि नेमकी असावीत. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि विनाकारण विलंब झाल्यास जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. विभागाकडून माहिती अधिकाऱ्याकडे ती किती दिवसांत पोहोचवायची हे मात्र ठरलेले नसते. ते या सत्रात ठरवावे. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या सत्रात २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम दोन्ही समजावून द्यावेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि विद्यापीठाच्या अंतर्गत समितीत दोन शिक्षकांबरोबर दोन शिक्षकेतर कर्मचारीही असतात. ही दुसरी गोष्ट शिक्षकेतर महिलांना आवर्जून सांगावी, समितीतील त्या दोन सदस्यांची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी, आणि तक्रार कोणाकडे, कशी द्यायची हे लिहिलेला कागद प्रत्येकीच्या हातात द्यावा.

पैशांविषयीचे सत्र अनेकांना कार्यशाळेच्या कक्षेबाहेरचे वाटते. मला ते अत्यावश्यक वाटते. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांची निवृत्तिवेतनाची व्यवस्था त्यापूर्वीच्या सहकाऱ्यांपेक्षा वेगळी आहे, आणि एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांच्या म्हातारपणाची तरतूद भिन्न असणे हा मोठ्या काळजीचा विषय आहे. वित्त विभागातील जाणत्या अधिकाऱ्याने प्रत्येकाला त्याचे खाते, त्यातील जमा आणि नामनिर्देशन कसे तपासायचे ते करून दाखवावे. नामनिर्देशन अद्ययावत नसल्यामुळे मागे राहिलेल्या कुटुंबाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे वित्त विभाग जाणतो. विमा किंवा गुंतवणूक विकणाऱ्या व्यक्तीला या सत्रात बोलावू नये.

शारीरिक आरोग्याच्या सत्रात पडद्यासमोर बसणाऱ्यांना डोळ्यांची काळजी सांगावी. दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याची सवय सोपी आणि उपयुक्त आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलणाऱ्या हमालांना गुडघ्यात वाकून, गठ्ठा अंगाशी धरून उचलण्याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावा, आणि त्याच दिवशी गठ्ठ्याचे वजन किती असावे व ढकलगाड्या किती लागतील याची मागणी लिहून घ्यावी. अभिलेख कक्षात धुळीत काम करणाऱ्यांना मास्क आणि हातमोजे मिळावेत, हाही याच सत्राचा भाग आहे.

वेळ, जागा आणि तुकडी

विद्यापीठाचे वर्ष परीक्षांनी बांधलेले असते. हिवाळी सत्राच्या परीक्षा, उन्हाळी सत्राच्या परीक्षा, उत्तरपत्रिका तपासणीची कॅप केंद्रे, जून-जुलैमधील प्रवेश, दीक्षान्त समारंभ आणि वित्त विभागासाठी मार्चअखेर हे सर्व वगळल्यास जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी आणि ऑगस्ट ते सप्टेंबर असे दोन काळ बऱ्याच ठिकाणी मोकळे सापडतात. गणेशोत्सवाचे आणि महालक्ष्म्यांचे दिवस त्यांतून वगळावेत. परीक्षा विभाग आणि वित्त विभाग यांना एकच तारीख सोयीची होईलच असे नाही, आणि त्यासाठी अडून बसू नये. त्यांच्या तुकड्या वेगळ्या कराव्यात.

एका तुकडीत २५ पेक्षा जास्त माणसे नसावीत, आणि एकाच विभागातील निम्म्याहून अधिक माणसे एका दिवशी बोलावू नयेत. खिडकी बंद करून कार्यशाळा घेतली तर विद्यार्थी ताटकळतात आणि दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांवर दुप्पट काम पडते. कार्यालयीन आदेशात सहभागी कर्मचारी ‘कर्तव्यावर’ असल्याचे स्पष्ट लिहावे, आणि त्या दिवशी त्यांचे टेबल कोण सांभाळणार त्याचे नावही त्याच आदेशात द्यावे. आदेश निघूनही खातेप्रमुख ऐनवेळी माणूस परत बोलावतात, असा अनुभव सर्वत्र येतो. म्हणून खातेप्रमुखांची वेगळी बैठक आधी घ्यावी आणि त्यांची संमती लेखी घ्यावी.

सलग पूर्ण दिवसापेक्षा आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन अर्धे दिवस अधिक उपयोगी पडतात, कारण मधल्या आठवड्यात शिकलेले करून पाहता येते. वेळ ठरवताना माणसे कुठून येतात ते पाहावे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना किंवा फोर्ट परिसरात कसारा, कर्जत, विरारहून लोकलने येणाऱ्यांसाठी सकाळी नऊची कार्यशाळा म्हणजे पहाटे घर सोडणे होय, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर लांबलेले सत्र त्यांना गर्दीच्या गाडीत ढकलते. गोंडवाना विद्यापीठासारख्या, गडचिरोली आणि चंद्रपूर या विस्तीर्ण जिल्ह्यांत पसरलेल्या विद्यापीठात संलग्न महाविद्यालयांच्या कर्मचाऱ्यांना मुख्यालयी बोलावण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी जाऊन सत्र घेणे योग्य ठरते, विशेषतः पावसाळ्यात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात अनेकांच्या घरी शेती आहे, तेव्हा ऊसतोडणी आणि सुगीचे दिवस विचारूनच तारीख ठरवावी.

सभागृहापेक्षा मोकळी खोली, हलवता येणारी टेबले आणि प्रत्येक दोघांमागे एक संगणक हे पुरेसे आहे. व्यासपीठ नसावे. उद्घाटनाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, कारण तो वेळ कर्मचाऱ्यांच्या शिकण्यातून वजा होतो.

एका सत्राचा नमुना

प्रत्यक्ष सत्र कसे चालावे, हे एका उदाहरणाने सांगतो. विषय घेऊ गुणपत्रिकेवरील नावाच्या दुरुस्तीचा. भिंतीवर मोठा खाकी कागद लावावा आणि त्याच्या डाव्या टोकाला विद्यार्थ्याचा अर्ज चिकटवावा. सहभागींमध्ये खिडकीवरचे, आवक-जावकचे, पात्रता विभागाचे, परीक्षा विभागाचे आणि छपाईचे कर्मचारी असावेत. प्रत्येकाने उठून आपल्या टेबलावर हा अर्ज आल्यावर काय होते ते एका चिठ्ठीवर लिहून कागदावर लावावे: अर्ज किती दिवस थांबतो, कोणती कागदपत्रे तपासली जातात, कोणाची सही लागते, आणि तो कोणत्या कारणाने परत जातो.

अर्ध्या तासात कागद भरतो, आणि त्यावर अशा गोष्टी दिसू लागतात ज्या एकेका टेबलावरून कधीच दिसत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत दोन टेबलांवर स्वतंत्रपणे तपासली जात असते. शुल्क भरल्याची पावती नसल्यामुळे अर्ज तिसऱ्या टेबलावरून परत जातो, वास्तविक ती पावती खिडकीवरच मागता आली असती. एका अधिकाऱ्याच्या सहीसाठी नस्त्या आठवड्यातून एकदाच जातात. विद्यार्थी मात्र दर दोन दिवसांनी खिडकीवर येऊन विचारतो, आणि खिडकीवरच्या सहायिकेकडे देण्यासारखे उत्तर नसते. तिला ‘विद्यार्थ्यांशी सौजन्याने कसे बोलावे’ याचे प्रशिक्षण देऊन हा प्रश्न सुटणार नाही. अर्ज आज कुठे आहे हे तिला तिच्या पडद्यावर दिसले पाहिजे.

पुढच्या तासात गटाने तीनच बदल सुचवावेत: एक, जो उद्यापासून स्वतःच करता येईल, दुसरा, ज्याला खातेप्रमुखांची मान्यता लागेल, आणि तिसरा, ज्यासाठी परिपत्रक किंवा प्रणालीतील दुरुस्ती लागेल. सत्राच्या शेवटच्या वीस मिनिटांत उपकुलसचिव किंवा परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक यांनी यावे, तीनही सूचना ऐकाव्यात आणि दुसऱ्या व तिसऱ्या सूचनेवर कधीपर्यंत निर्णय देणार ती तारीख सांगावी. ही तारीख मिळाली नाही तर पुढच्या कार्यशाळेला तीच माणसे मनापासून येणार नाहीत, आणि त्यांचे ते वागणे योग्यच असेल.

मनाच्या स्वास्थ्याविषयीचे सत्र

या सत्राची काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामामुळे येणाऱ्या टोकाच्या थकव्याची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. तिने या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. ती अवस्था रोग म्हणून वर्गीकृत नाही, आणि तिचे मूळ दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणात आहे. हे कर्मचाऱ्यांना समजावून सांगितले की ‘मीच कमी पडतो’ हा अपराधीपणा थोडा हलका होतो.

या सत्रात वरिष्ठ आणि कनिष्ठ यांना एकत्र बसवू नये. आपल्या अधीक्षकांसमोर कोणी मोकळेपणाने बोलणार नाही, आणि बोललेच तर नंतर त्याची झळ बसू शकते. कोणालाही स्वतःचा अनुभव सांगण्याचा आग्रह करू नये. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील समुपदेशक उपलब्ध असल्यास उत्तम, परंतु समुपदेशकाकडे वैयक्तिक भेटीसाठी जाणाऱ्यांची यादी प्रशासनाकडे जाणार नाही याची लेखी हमी द्यावी. सहभागींना नंतर मदत हवी असेल तर केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. योग किंवा ध्यान ठेवायचे असल्यास ते ऐच्छिक असावे.

ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्या कक्ष अधिकारी, अधीक्षक आणि सहायक कुलसचिव यांच्यासाठी स्वतंत्र सत्र घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अशा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे. या सत्रात तीन गोष्टींवर प्रत्यक्ष सराव व्हावा. रजेचा अर्ज नाकारायचा असेल तर कारण आणि पर्यायी तारीख कशी सांगावी. सहकाऱ्याच्या कामात किंवा वागण्यात अचानक बदल दिसला तर बाजूला घेऊन काय विचारावे आणि काय विचारू नये. आणि कार्यालयीन व्हॉट्सअॅप गटावर संदेश कधी पाठवावेत. शेवटच्या मुद्द्यावर विभागाचा लेखी नियम त्याच दिवशी तयार करावा: कार्यालयीन वेळेनंतर पाठवलेल्या संदेशाचे उत्तर दुसऱ्या दिवशी दिले तरी चालेल, खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा, आणि ‘तातडीचे’ म्हणजे काय याची दोन-तीन उदाहरणे त्यात लिहावीत. परीक्षेच्या काळात हा नियम पाळणे कठीण जाते. त्या काळासाठी पाळ्या लावाव्यात आणि रात्री थांबणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची किंवा बदली रजेची मुभा लेखी द्यावी. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या महिलांना घरी पोहोचवण्यासाठी वाहन देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे, आणि त्याची तरतूद परीक्षेच्या खर्चातच धरावी.

रजांच्या नियमांची माहिती हीदेखील याच सत्रात द्यावी. राज्य शासनाने २०१८ मध्ये बालसंगोपन रजा १८० दिवसांच्या मर्यादेत लागू केली. आपल्या विद्यापीठात ती कोणाला, कोणत्या अटींवर आणि एका वेळी किती दिवस मिळते, हे आस्थापना विभागाने उदाहरणांसह सांगावे. घरी आजारी आईवडील असलेल्या कर्मचाऱ्यांना कोणती रजा कशी जोडून घेता येते, तेही सांगावे. रजेचा नियम माहीत नसल्यामुळे विनावेतन राहिलेली माणसे प्रत्येक विद्यापीठात सापडतात.

नोंदी आणि पाठपुरावा

विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या (नॅक) निकषांत शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या कल्याणाच्या योजना व व्यावसायिक विकास यांना स्थान आहे, त्यामुळे उपस्थितीपत्रक, छायाचित्रे आणि अहवाल अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे जाणारच. ते द्यावेत. परंतु मूल्यमापन तेवढ्यावर थांबवू नये. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही कामाच्या आहेत: सहभागींना कसे वाटले, ते काय शिकले, कामात काय बदलले, आणि संस्थेला काय मिळाले. आपल्याकडील अभिप्राय पत्र पहिल्याच पायरीवर थांबते. तिसरी पायरी पाहण्यासाठी तीन महिन्यांनी पुन्हा त्याच टेबलांपाशी जावे लागते.

त्या वेळी काय पाहायचे ते कार्यशाळेच्या दिवशीच लिहून ठेवावे: नाव दुरुस्तीच्या अर्जाला आता किती दिवस लागतात, परत येणाऱ्या नस्त्या किती कमी झाल्या, किती टेबलांना पर्यायी माणूस तयार झाला, वर्षाअखेरीस किती किरकोळ रजा वाया गेल्या. व्यक्तीची नावे न घेता विभागवार आकडे काढावेत. या आकड्यांचा उपयोग कोणाला कारणे दाखवा नोटीस देण्यासाठी झाला तर पुढच्या वेळी खरी माहिती कोणी देणार नाही, तेव्हा ते प्रशिक्षण समितीपुरतेच ठेवावेत. ठरलेल्या तारखेला अधिकाऱ्यांनी निर्णय दिले की नाहीत, तेही त्याच वेळी तपासावे आणि राहिलेले विषय कुलसचिवांच्या मासिक आढाव्यात ठेवावेत.

शेवटी दोन कार्यालयीन कामे उरतात, आणि ती आठवडाभरात करावीत. प्रत्येक सहभागीने पूर्ण केलेल्या प्रशिक्षणाची नोंद आस्थापना विभागाने त्याच्या सेवापुस्तकात घ्यावी, कंत्राटी कर्मचाऱ्यांना सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे दुसरीकडे अर्ज करताना त्यांना ते दाखवता येईल. आणि प्रत्येक टेबलाच्या पर्यायी कर्मचाऱ्याचे नाव, कार्यपद्धतीची पाने व कपाटाच्या किल्ल्यांची जागा लिहिलेली यादी विभागात लावून तिची एक प्रत खातेप्रमुखांकडे ठेवावी. बदली, पदोन्नती किंवा निवृत्ती झाली की ती त्याच दिवशी दुरुस्त करण्याची जबाबदारी एका माणसाकडे नावाने सोपवावी.